मेहरसिस्टरांची नीळ

मेहरसिस्टरांबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. मी त्यांच्याविषयी एकदा खोटं बोललो. अधीक्षकांच्या टेबलासमोर, त्या माझ्या शेजारी उभ्या असताना, आवाज जराही न कापता खोटं बोललो. त्याची शिक्षा त्यांना झाली, मला झाली नाही. ही गोष्ट त्यांच्यापाशी कबूल करायला मी चौदा वर्षं लावली. मधली सगळी वर्षं मी त्यांच्या हातचा चहा पीत होतो आणि त्यांच्या विनोदांना हसत होतो. त्या होत्याच तशा. त्यांच्यासमोर अपराधी माणसालाही हसू आवरत नसे.

आमचा दवाखाना एका ट्रस्टचा, जालना रोडपासून थोडा आत. मी तिथं स्टोअर सांभाळायचो. फुलंब्रीहून रोज बसनं यायचो. मेहरसिस्टर पुरुषांच्या वॉर्डच्या इन्चार्ज. मेहरुन्निसा हे त्यांचं पूर्ण नाव फक्त हजेरीपटावर असायचं. उंचीनं ठेंगण्या, चालणं भरभर. त्या कॉरिडॉरमध्ये शिरल्या की चपलांच्या आवाजावरून वॉर्डबॉय बिड्या विझवत. दार त्या कोपरानं उघडायच्या आणि दिव्याचं बटण बोटाच्या पेरानं दाबायच्या. त्यांना नमस्कार केला की उलट नमस्कार मिळायचा नाही. त्या म्हणायच्या, "हात दाखव."

शिपाई असो की डॉक्टर, हात पुढं करावाच लागे. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट. पाहून झालं की "हं" म्हणत. ते "हं" म्हणजेच त्यांचा नमस्कार. एकदा नवऱ्याला भेटायला आलेली फुलंब्रीकडची एक म्हातारी हे बघत बसली होती. तिला वाटलं, या सिस्टर भविष्य बघतात. तिनंही हात पुढं केला आणि विचारलं, "माय, माझ्या हातावर काय दिसतंय गं?"

सिस्टरांनी नीट पाहिलं. म्हणाल्या, "आजी, लई दिवस झाले, साबण दिसत नाय."

म्हातारी सगळ्यांच्या आधी हसली आणि नळाकडं गेली. सिस्टर पेशंटशी अशा आमच्याकडच्या मराठीत बोलत, वॉर्डबॉय सलीमशी दख्खनीत भांडत आणि साहेबांशी अगदी छापील बोलत. एका दमात तिन्ही भाषा बदलत, पण सांगणं तेच असे.

ज्या वर्षी पुण्याहून नव्या फ्लूच्या बातम्या यायला लागल्या, त्या वर्षाची ही हकीकत. लोक त्याला डुकराचा ताप म्हणत आणि रुमाल बांधून फिरत. आमच्या दवाखान्यालाही वरून पत्र आलं की वेगळी खोली तयार ठेवा, कर्मचाऱ्यांची तयारी करून घ्या. आमच्याकडं तयारी म्हणजे फाईल. समिती नेमली गेली, तिचा फोटो निघाला, फाईलला लाल फीत बांधली. अधीक्षकसाहेब बैठकीत म्हणाले, "आपली तयारी पूर्ण आहे."

मेहरसिस्टर मागच्या खुर्चीवरून अदबीनं म्हणाल्या, "साहेब, फाईल खोकत नाही. माणसं खोकतात."

साहेब माणूस चांगले होते, पण मिशीला पीळ देत राहिले आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी कपड्यांची नीळ आणली, व्हॅसलिनमध्ये मळली आणि वॉर्डच्या दाराच्या मुठीला आतल्या बाजूनं, फोनच्या रिसीव्हरला आणि सुतळीनं बांधलेल्या सहीच्या पेनाला बारीक हात फिरवला. कुणाला काही बोलल्या नाहीत. दुपारी जेवणाच्या सुटीत निळी माणसं दिसायला लागली. सुनंदासिस्टर वॉर्डमधल्या सगळ्यात नीटनेटक्या, त्यांचा कान निळा. सलीमची दाढी एका बाजूनं निळी. मी तर डबा उघडला तेव्हा भाकरीवर माझ्याच पाच बोटांचे ठसे उठले. नाकाला लागलेलं मला दिसत नव्हतं, आणि इतरांना दिसत होतं ते कुणी सांगत नव्हतं.

तेवढ्यात साहेब राऊंडला आले. त्यांची मिशी दोन्ही टोकांना निळी झाली होती. त्यांच्यामागून डॉक्टरांची रांग, आणि सगळे जमिनीकडं बघत चाललेले. साहेब एका खाटेपाशी थांबले. पेशंट चिकलठाण्याकडचा शेतकरी. त्यानं बराच वेळ निरखलं आणि काळजीनं विचारलं, "साहेब, तुमालाबी बरं नाय का?"

मग कुणाला आवरेना. साहेबांनी आरशात पाहिलं आणि तेही खुर्चीत बसून हसायला लागले. सिस्टर पुढं झाल्या. "साहेब, ही नीळ होती म्हणून दिसली. ताप असता तर आत्ता आपण सगळे ओळीनं झोपलो असतो." त्याच दिवशी साहेबांनी दर मंगळवारी सरावाला एक तास दिला.

मंगळवारचा तास म्हणजे दवाखान्यातली मौज झाली. एका मंगळवारी त्यांनी सगळ्यांना मास्क घालून कँटीनमध्ये उभं केलं आणि आचाऱ्याला सांगितलं, "मामा, कढईत लाल मिरच्या टाका. हात आखडू नका." ठसका उठला. ज्याचा मास्क नाकाशी नीट बसला असेल, त्याला तो कमी लागणार, असा त्यांचा हिशेब. पण सगळेच खोकायला लागले. डोळ्यांतून पाणी, कुणी दाराकडं पळतंय, आणि आचारी एकटा कढईजवळ शांत उभा. तो म्हणाला, "मला सवय हाय."

सिस्टरांनी माझा मास्क ओढून पाहिला. त्याचं इलॅस्टिक हातात तुटून आलं. पत्र्याच्या छताखालच्या फळीवर दोन उन्हाळे पडून राहिलेले ते मास्क होते. नवे मास्कही आले होते, पण ते मी स्टोअरला कुलूप लावून आत कपाटात ठेवले होते. आम्हा स्टोअरवाल्यांची एक जुनी खोड आहे. चांगला माल बाहेर काढायचा नाही. ट्रस्टची मंडळी पाहणीला येतील तेव्हा कपाट भरलेलं दिसलं पाहिजे. मग माल खराब झाला तरी चालेल, फळी रिकामी दिसलेली चालत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यात काही चुकतंय असं वाटतही नव्हतं.

"दिगूभाऊ," सिस्टर म्हणाल्या, "मास्क कपाटाला घालायचे का माणसाला?"

सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं.

पुढच्या मंगळवारी त्यांनी दारं लावून घेतली. चहा होता, मुरमुऱ्याचा चिवडा होता. प्रत्येकाला कागदाचा एक चतकोर दिला. म्हणाल्या, "आज हात नको, मन दाखवा. साथ आली तर कशाची भीती वाटते ते लिहा. नाव लिहू नका." आधी कुणी पेन उचलेना. "मी सुरू करते," असं म्हणून त्यांनी स्वतः खाली मान घालून लिहिलं. मग सगळे लिहायला लागले.

चिठ्ठ्या त्यांनीच मोठ्यानं वाचल्या. 'माझं बाळ अंगावर पितं.' 'घरमालक म्हणतो, त्या वॉर्डात ड्युटी लागली तर खोली सोड.' 'सासू घरात घेणार नाही.' 'मास्क पुरतील का?' 'मी आजारी पडले तर मला कोण बघणार, आपल्याच दवाखान्यात खाट मिळेल का?' वाचता वाचता खोली गंभीर झाली. इतकी वर्षं एकत्र काम करून कुणी कुणाला हे विचारलं नव्हतं.

मग त्यांनी एक चिठ्ठी उलगडली आणि जरा थांबल्या. "साथ आली तर मी पळून जाईन, अशी मला माझीच भीती वाटते."

ती माझी होती. मी चिवड्यातले शेंगदाणे निवडत बसलो. कुणीतरी फिस्सकन हसलं. मेहरसिस्टरांनी ती चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "हे माणूस कामाचं आहे. याची जोडी माझ्याशी लावा."

त्या दिवसापासून आमच्याकडं जोड्या सुरू झाल्या; यादीत माझं नाव सिस्टरांच्या नावासमोर होतं, तो मी योगायोग समजलो. एकीची आत ड्युटी असेल तेव्हा दुसरीनं तिचं घर बघायचं, पोरं आणायची, दूध पोचवायचं. जोडीतला एक आला नाही तर दुसऱ्यानं त्याचं काम उचलायचं. आणि एक कलम त्यांनी बोट उगारून सांगितलं: "आपसांत काय भांडायचं ते भांडा, पण जोडीदाराची तक्रार वरती न्यायची नाही. तक्रारीची भीती असली की माणूस खोटं बोलतो, आणि खोटं बोलणारा माणूस हात धुतल्याचंही खोटंच सांगतो."

सासूचा प्रश्न सोडवायला त्या सुट्टीच्या दिवशी सुनंदासिस्टरांच्या घरी गेल्या. दोन कप चहा पिऊन आल्या. काय बोलल्या कुणास ठाऊक, पण सोमवारपासून सासूबाईंनी दारात बादली, साबण आणि धुतलेली साडी ठेवायला सुरुवात केली. वर शेजारणींचे हात तपासायला लागल्या. घरमालकाला सिस्टरांनी वेगळं औषध दिलं. त्याला वॉर्डात बोलावलं, सराव दाखवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "हे आपल्या सिस्टरला खोली देतात. लई मोठ्या मनाचा माणूस." त्यानंतर त्याला खोली सोड म्हणायची सोय राहिली नाही.

आणि मला त्यांनी पत्र दिलं. नव्या मास्कचा एक खोका वॉर्डात ठेवावा आणि स्टोअरची दुसरी किल्ली इन्चार्ज सिस्टरकडं असावी, एवढंच त्यात होतं. कार्यालयात पत्र देताना एक प्रत आपल्यापाशी ठेवतात आणि तिच्यावर घेणाऱ्याची सही घेतात. मी 'मिळाले' असं लिहून सही केली. मूळ पत्र साहेबांकडं पाठवायचं होतं. ते मी टेबलाच्या खणात टाकलं. किल्ली दुसऱ्याकडं गेली की स्टोअरवाल्याला उरतं काय, असं मला वाटत होतं. शिवाय कँटीनमधलं ते वाक्य विसरलो नव्हतो.

मग तो दिवस आला. माझ्या चुलतभावाचं लग्न होतं फुलंब्रीला, रजा आधीच मंजूर होती. पण स्टोअरचं एक काम उरकायला मी सकाळी तासभर दवाखान्यात गेलो होतो. गेटवरच्या चहाच्या गाडीवर सलीम म्हणाला, "चिकलठाण्याच्या कारखान्यातला फिटर आलाय. पुण्याहून आला होता. ताप लई आहे. वेगळ्या खोलीत घ्यायलेत."

किल्ली माझ्या खिशात होती. वॉर्डापर्यंत जाऊन ती देऊन यायला दोन मिनिटं लागली असती. पण तिथं जायला त्या खोलीवरून जावं लागलं असतं. मी चहा अर्धा ठेवला आणि बस पकडली. बसमध्ये मोबाइल बंद केला. लग्नात पंगत वाढली, अक्षता टाकल्या, नवरदेवासोबत फोटोही काढला. त्या फोटोत माझा डावा हात खिशात आहे. किल्ली धरलेली.

दवाखान्यात काय झालं ते मला नंतर सलीमनं सांगितलं, आणि प्रत्येक वेळी थोडं वाढवून सांगितलं. सिस्टरांनी मला फोन लावला. लागला नाही. त्यांनी पुन्हा लावला नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना घेऊन त्या स्टोअरपाशी आल्या, पदर खोचला आणि कुलपावर तीन घाव घातले. सलीम म्हणाला, "आपा, मैं मारता ना." त्या म्हणाल्या, "नक्को. कल कोई पूछा तो एकच नाम होना." मग कपाट उघडलं, खोका काढला आणि तुटक्या कुलपाखाली कागद ठेवला: 'कुलूप मी तोडले. मास्क नेले.' खाली सही आणि वेळ.

त्या दिवशी आत जायला एकाही सिस्टरनं नकार दिला नाही. मास्क आणि गाऊनमध्ये सगळ्या सारख्याच दिसत होत्या आणि तो फिटर घाबरून भिंतीकडं सरकत होता. तेव्हा मेहरसिस्टरांनी चिकटपट्टीवर नावं लिहून प्रत्येकीच्या छातीवर लावली. नुसती नावं नव्हती. 'सुनंदा. भजन छान म्हणते.' स्वतःच्या पट्टीवर लिहिलं होतं: 'मेहर. खिचडा छान करते, बरा झालास की मिळेल.' तो फिटर बरा झाला. घरी जाताना म्हणाला, "सिस्टर, खिचडा राहिला." त्यांनी तो डब्यात भरून दिला.

पण कुलूप तुटलं होतं, आणि पाहणीसाठी ठेवलेलं कपाट अर्धं रिकामं होतं. ट्रस्टच्या लोकांना ते फार झोंबलं. चौकशी लागली. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. ते सिस्टरांच्या बाजूचेच होते. त्यांनी सरळ विचारलं, "सिस्टर, तुम्ही किल्ली लेखी मागितली होती?"

"मागितली होती, साहेब."

साहेब माझ्याकडं वळले. "तुम्हाला पत्र मिळालं होतं?"

तेव्हा माझी नोकरी टेम्पररी होती. कायम होण्याची ऑर्डर त्याच महिन्यात निघायची होती. मी म्हणालो, "नाही साहेब. असं पत्र माझ्यापर्यंत आलं नाही."

सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता हात दाखव म्हणतील. त्या फक्त म्हणाल्या, "मग माझ्याकडूनच द्यायचं राहिलं असेल, साहेब."

त्यांना लेखी ताकीद मिळाली. पुढच्या वर्षी मेट्रनची जागा निघाली तेव्हा त्या ताकिदीमुळं त्यांचं नाव मागं पडलं. त्या इन्चार्ज म्हणूनच निवृत्त झाल्या. माझी ऑर्डर वेळेवर निघाली. पेढे वाटायला गेलो तेव्हा ते तुटकं कुलूप त्यांच्या टेबलावर होतं, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं. त्यांनी पेढा घेतला, अर्धा सुनंदासिस्टरांना दिला आणि विचारलं, "दिगूभाऊ, किल्ली कुठं हाय?"

मी दुसऱ्याच दिवशी तीन किल्ल्या करून आणल्या. एक त्यांच्याकडं दिली, एक गेटवर काचेच्या पेटीत ठेवली. पण ते पत्र खणातच राहिलं. त्यांच्या निवृत्तीनंतर ती मोठी साथ आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "किल्ली कुठं हाय?" मी म्हणालो, "तीन ठिकाणी हाय, सिस्टर. आणि मास्क माणसांवर हायेत." पलीकडून "हं" ऐकू आलं. त्या सगळ्या काळात मी एकही रजा घेतली नाही. हे फुशारकीनं सांगत नाही. मला माझ्या त्या एका सकाळची भरपाई करायची होती, आणि ती होत नव्हती.

गेल्या वर्षी कळलं की सिस्टर उस्मानपुऱ्यातलं घर सोडून नांदेडला लेकीकडं राहायला जाताहेत. मी खणातलं पत्र खिशात घातलं आणि त्यांच्या घरी गेलो. फाटकाची कडी काढून आत शिरलो. घरात खोकी बांधून ठेवलेली. त्या आणखी ठेंगण्या वाटल्या, पण चपलांचा आवाज तोच.

"हात मग बघते," त्या म्हणाल्या. "आधी बस. चहा घेतो ना?"

मी बसलो नाही. पत्र काढून त्यांच्यापुढं धरलं आणि सगळं सांगितलं. बस, लग्न, बंद मोबाइल, साहेबांचं टेबल. बोलताना माझं नाक-डोळे वाहायला लागले. पन्नाशीतला माणूस, मी हातानंच पुसत राहिलो. त्यांनी मला मधे थांबवलं नाही. मग उठल्या आणि एका खोक्यातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात ते तुटकं कुलूप होतं, चिठ्ठ्या होत्या आणि तळाशी पत्राची प्रत. तिच्यावर माझ्या अक्षरात, माझ्या स्टोअरच्या जांभळ्या शाईत: 'मिळाले.'

ही प्रत त्या दिवशी साहेबांसमोर ठेवली असती तर मेट्रन त्याच झाल्या असत्या.

"तुमच्याकडं होती," मी म्हणालो.

"खिशातच होती."

"मग काढली कायकू नाही?"

"ही बघ." त्यांनी एक चिठ्ठी उलगडली. पळून जाण्याची. तिच्यावरही तीच जांभळी शाई. "सगळ्या दवाखान्यात ही शाई तुझ्याच टेबलावर. पळणारे लई बघितले रे मी. आधी लिहून देणारा तू एकटाच. आणि जोडी माझ्याशी लावली होती ना तुझी? जोडीदाराची तक्रार वरती न्यायची नाही, हे कलम मीच केलं होतं."

"पण तुमची मेट्रनची जागा..."

"हौ, गेली. साहेबांपुढच्या त्या खोट्यानंतर आठ दिवस लई राग आला होता तुझा. नवव्या दिवशी तू तीन किल्ल्या घेऊन आलास." त्या हसल्या. "तुला काढलं असतं तर नवीन माणूस आला असता. त्यालाही कँटीनपासून शिकवायला लागलं असतं. मिरच्या काय कमी लागतात का?"

चहा झाला. मी त्यांची चिठ्ठी मागितली, त्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या आधी लिहिलेली. त्यांनी ती शोधून दिली. तिच्यावर लिहिलं होतं: 'मला भीती वाटते की मी ओरडेन आणि लोक मला सांगायचं बंद करतील.'

निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. गल्लीतल्या चार-पाच बायका समोरून येत होत्या. "चला, आत या," त्यांनी हाक मारली. मग मला म्हणाल्या, "जाण्याआधी हात धुण्याचा शेवटचा वर्ग आहे यांचा." मी कोपऱ्यावर पोचून मागं वळलो. मेहरसिस्टर फाटकापाशी उभ्या होत्या. एका हातातल्या फडक्यानं कडी पुसत होत्या आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या नाकावर ठेवून मला काहीतरी दाखवत होत्या. बायका पदर तोंडाशी धरून हसत होत्या.

मी नाकाला हात लावला. बोटं निळी झाली.

मी ते पुसलं नाही. तसाच फुलंब्रीच्या बसमध्ये चढलो. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी दोनदा पाहिलं आणि शेवटी विचारलंच, "भाऊ, नाकाला काय लागलंय?"

मग मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.